प्रॉम्प्ट : यंत्राच्या एका ओळीचा इतिहास

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि 'प्रॉम्प्ट' हा शब्द पाहता पाहता मराठी वृत्तपत्रांतही रुळला. माणसाने यंत्राला घातलेला लेखी प्रश्न किंवा दिलेली सूचना, असा त्याचा अर्थ आज सर्वत्र गृहीत धरला जातो. त्याआधीची सुमारे सहा दशके मात्र संगणकाच्या परिभाषेत या शब्दाचा रोख नेमका उलट होता. प्रॉम्प्ट यंत्र देत असे आणि तो माणसाला दिलेला असे. नाटकाच्या तालमी पाहिलेल्या वाचकांना हा जुना अर्थ अधिक जवळचा वाटेल. विंगेत वही धरून उभा असलेला प्रॉम्प्टर नटाला शब्द पुरवतो, कारण नट विसरण्याची शक्यता असते. ज्या लॅटिन शब्दापासून हा शब्द आला त्याचा अर्थ 'पुढे आणलेला, तयार' असा आहे. आणि हे 'तयार'पण पुढील हकिगतीत पुन्हा भेटणार आहे.

हा लेख त्या जुन्या प्रॉम्प्टविषयी आहे. खिडक्या, चित्रे आणि माउस येण्यापूर्वी संगणकाशी व्यवहार ओळीओळीने चाले. यंत्र एखादे चिन्ह उमटवून थांबे, माणूस त्यापुढे आज्ञा लिही, यंत्र उत्तर देई आणि पुन्हा तेच चिन्ह उमटवी. या व्यवहारात माणसाची आज्ञा वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या आज्ञावलीला 'शेल' म्हणतात. प्रोग्रामर आणि संगणकांची देखरेख करणारे लोक आजही दिवसाचा बराच वेळ अशाच काळ्या चौकटीपुढे बसलेले असतात, आणि त्यांतील पुष्कळांनी आपल्यापुढे उमटणारी ती ओळ स्वतःच्या हाताने घडवलेली असते. साहित्याच्या अभ्यासकांनी या ओळीकडे का पाहावे? कारण यंत्राच्या तोंडचे वाक्य लिहिण्याचा अधिकार येथे एका विशिष्ट काळी वापरणाऱ्याच्या हाती आला; आणि त्या अधिकाराचा वापर करून लोकांनी काय लिहिले हे पाहिले, तर प्रत्येक पिढीला नेमके काय विसरण्याची भीती वाटत होती ते कळते. विंगेतला प्रॉम्प्टर अजून तेथेच उभा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आरंभी भीती होती ती बिलाची. १९६१ च्या नोव्हेंबरात एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, प्रत्येकाच्या वाट्याला क्षणाचा अंश द्यायचा, अशी ही 'काल-विभाजना'ची कल्पना होती. या प्रणालीत आज्ञा स्वीकारली की यंत्र 'डब्ल्यू' हे अक्षर छापी, म्हणजे 'थांबा'; आणि काम संपले की 'आर', म्हणजे 'तयार'. पण नुसते 'आर' नव्हे. त्यापुढे दोन आकडे असत : त्या आज्ञेसाठी प्रत्यक्ष गणनेला किती सेकंद लागले आणि कार्यक्रम स्मृतीत आत-बाहेर नेण्यात किती गेले. सीटीएसएसची वारसदार मल्टिक्स ही प्रणाली १९६५ पासून बांधली जाऊ लागली. तिच्यातही प्रत्येक आज्ञेनंतर अशी 'तयार'ची ओळ येई. तीत घड्याळातील वेळ, खर्च झालेली सेकंदे आणि स्मृतीच्या वापराचा एक आकडा असे. हॉटेलातील वेटरने प्रत्येक पदार्थामागे आतापर्यंतचे बिल समोर ठेवावे, तसा हा प्रकार. ही ओळ नको असल्यास बंद करण्याची सोय मल्टिक्समध्ये होती, आणि पुढे ती आपल्या पसंतीने मांडून घेण्याचीही झाली. तेव्हा प्रॉम्प्टला हात लावण्याचा मान सर्वस्वी युनिक्सचा, असे जे कधी कधी सांगितले जाते ते बरोबर नाही. मात्र मल्टिक्स ही थोड्या संस्थांची प्रणाली राहिली. जगभर पसरले ते युनिक्स.

'शेल' हा शब्दही याच घराण्यातला. लुई पुझॅं या फ्रेंच अभियंत्याने सीटीएसएससाठी 'रनकॉम' नावाची एक सोय लिहिली होती. आज्ञांची यादी फाइलीत लिहून ठेवावी आणि ती एका दमात चालवावी, एवढेच तिचे काम. मल्टिक्ससाठी हीच कल्पना वाढवताना त्याने 'शेल' हे नाव सुचवले. आज ज्या फाइलीत लोक आपला प्रॉम्प्ट घडवतात तिच्या नावाअखेरीस येणारी 'आरसी' ही दोन अक्षरे त्या 'रनकॉम'चीच आहेत. ती लिहिणाऱ्या बहुतेकांना ही व्युत्पत्ती ठाऊक नसते; पण आपण रोज वापरतो त्या शब्दांपैकी कितींची आपल्याला ठाऊक असते?

बेल लॅबोरेटरीज ही संस्था १९६९ मध्ये मल्टिक्सच्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि तेथील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी त्याच वर्षी स्वतःची लहानशी प्रणाली रचण्यास आरंभ केला. तीच युनिक्स. थॉम्प्सनच्या शेलमध्ये बिलाचा तो सगळा तपशील नाहीसा झालेला दिसतो. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीचा शेल पाहावा : सामान्य वापरकर्त्यापुढे तो '%' हे चिन्ह आणि एक मोकळी जागा ठेवतो, सर्वाधिकारी वापरकर्त्यापुढे '#' आणि एक मोकळी जागा. बस.

या मितभाषीपणाचे कौतुक करताना त्यामागील यंत्र विसरता कामा नये. त्या काळी टर्मिनल म्हणजे पडदा नव्हे, तर कागदाच्या गुंडाळीवर ठकठक छापणारा टेलिटाइप होता. मॉडेल ३३ हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार सेकंदाला दहा अक्षरे छापी. आज अनेकांच्या पडद्यावर दिसणारा चाळीस अक्षरांचा प्रॉम्प्ट त्यावर उमटायला चार सेकंद लागले असते, आणि तेही प्रत्येक आज्ञेपूर्वी. युनिक्सच्या आज्ञांची नावे 'एलएस', 'सीपी', 'एमव्ही' अशी दोन-दोन अक्षरांची का, याचेही उत्तर बव्हंशी त्या खडखडाटातच आहे. सौंदर्यदृष्टी म्हणून पुढे जिची वाखाणणी झाली ती काटकसर मुळात कागद, शाई आणि बोटांचे श्रम यांची होती. अर्थात छंदशास्त्र शिकवणाऱ्यांना हे नवे नाही. बंधन आधी येते, रुची मागाहून.

पण काटकसरीतही एक भेद शिल्लक ठेवला होता : '%' आणि '#'. सर्वाधिकारी वापरकर्ता, ज्याला युनिक्सच्या भाषेत 'रूट' म्हणतात, त्याला कोणतीही फाइल पुसता येते आणि यंत्र त्याला सहसा विचारीत नाही. आपण या क्षणी त्या पदावर आहोत हे माणसाने विसरू नये म्हणून चिन्ह बदलले. सेकंदाला दहा अक्षरांच्या जगातही ज्याच्यासाठी एक वेगळे अक्षर राखून ठेवावेसे वाटले, असा हा एकमेव इशारा. त्याला जोडून एक गंमत आहे. पुढे आलेल्या बॅश या शेलमध्ये ओळीच्या आरंभी '#' असेल तर ती ओळ टीप मानून सोडून दिली जाते. त्यामुळे पुस्तकातून रूटची आज्ञा प्रॉम्प्टसकट उतरवून घेणाऱ्या नवशिक्याच्या हातून काहीच घडत नाही. राजमुद्रेसकट नक्कल केली की फर्मान आपोआप निष्प्रभ!

सहाव्या आवृत्तीत ही चिन्हे शेलच्या मूळ संहितेत कोरलेली होती. ती बदलायची तर संहितेत फेरफार करून शेल पुन्हा बांधून काढावा लागे. हे अशक्य नव्हते, पण ते शेलच्या लेखकाचे काम होते, वाचकाचे नव्हे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न याचा नवा शेल आला आणि ही स्थिती पालटली. बोर्न केंब्रिजहून आलेला, अल्गॉल ६८ या भाषेच्या संस्कारातला. म्हणून त्याच्या शेलमध्ये 'इफ'ने उघडलेले वाक्य 'फी'ने, म्हणजे त्याच अक्षरांच्या उलट क्रमाने, मिटते. आम्हांला येथे महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी एक किरकोळ भासणारी गोष्ट. त्याने प्रॉम्प्ट संहितेतून उचलून एका चलात ठेवला. त्या चलाचे नाव पीएस१, म्हणजे पहिली प्रॉम्प्ट-ओळ. त्यात काही भरले नाही तर '$' उमटते. भरले तर जे भरले ते.

सोबत पीएस२ हेही होते. वाक्य अपुरे राहिले, उदाहरणार्थ अवतरणचिन्ह उघडून मिटलेच नाही, तर शेल चूक दाखवीत नाही. '>' हे चिन्ह टाकून पुढची ओळ ऐकायला बसतो. कथा सांगणाऱ्याला समोरच्याने हुंकार द्यावा तसा हा हुंकार आहे. यंत्राच्या बोलण्यात 'बोला' आणि 'हं, पुढे?' असे दोन वेगळे सूर असावेत, आणि दोन्ही ऐकणाराच ठरवू शकावा, ही सूक्ष्म जाण त्या शेलमध्ये आहे.

हा अधिकार मिळताच लोकांनी त्यात काय लिहिले? ब्रायन कर्निघन आणि रॉब पाइक यांच्या १९८४ च्या युनिक्सविषयक पुस्तकात पीएस१ कसा बदलावा याचे जे उदाहरण आहे, त्यात यंत्राला संसारातील जोडीदाराच्या सोशिक सुरात 'ओ' द्यायला लावले आहे. उदाहरण विनोदी आहे, पण निरर्थक नाही. '%' या चिन्हाला स्वर नव्हता. तो कोणाचा आवाज आहे असा प्रश्न पडत नव्हता. शब्द आला तसा बोलणारा आला, त्याचे नाते आले, आणि ते नाते हुकूम सोडणाऱ्यानेच ठरवलेले होते. नाटककाराने आपल्याशीच बोलणारे पात्र लिहावे आणि मग त्याच्या उत्तराला दचकावे, असा काहीसा हा खेळ.

विनोद एकदोन दिवसांत शिळा होतो. टिकून राहिली ती उपयुक्तता. बर्कलीच्या बिल जॉयने त्याच सुमारास लिहिलेल्या सी-शेलमध्ये प्रॉम्प्टमध्ये आज्ञेचा क्रमांक घालता येऊ लागला, कारण मागील आज्ञा क्रमांकाने पुन्हा बोलावण्याची सोय तेथे होती. बेल लॅब्सच्या डेव्हिड कॉर्नने १९८३ मध्ये मांडलेल्या शेलमध्ये पीएस१ मधील चलांची किंमत दर वेळी नव्याने भरली जाऊ लागली. म्हणजे आपण कोणत्या डिरेक्टरीत उभे आहोत हे प्रॉम्प्ट स्वतःच सांगू लागला. ही दुसरी विस्मृती : मी कोठे आहे?

हाच प्रश्न त्याच वर्षी घरगुती संगणकावरही उभा राहिला. मायक्रोसॉफ्टच्या डॉसची दुसरी आवृत्ती १९८३ मध्ये आली आणि तीत डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी ठेवता येऊ लागली. तोवर 'ए' किंवा 'सी' हे चकतीचे अक्षर आणि '>' एवढा प्रॉम्प्ट पुरेसा होता. आता फाइली खोलवर दडू लागल्या. म्हणून 'प्रॉम्प्ट' नावाचीच एक आज्ञा देण्यात आली. तिच्यापुढे '$' सह 'पी' आणि '$' सह 'जी' लिहिले की पूर्ण मार्ग आणि '>' हे चिन्ह उमटे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांतील संगणकवर्गांत जे शिकले त्यांना 'सी', अपूर्णविराम, उलटी तिरकी रेघ आणि '>' ही आकृती संगणकाचा चेहरा म्हणूनच आठवत असेल. ती यंत्रासोबत जन्मलेली नव्हती, कोणीतरी आरंभीच्या फाइलीत ती एक ओळ लिहून ठेवलेली असे, हे मात्र फार थोड्यांना सांगितले गेले. या प्रॉम्प्टला एक किंमतही होती : तो उमटण्याआधी यंत्राला चकतीकडे पाहावे लागे, आणि खणात फ्लॉपीच नसेल तर प्रॉम्प्टच अडखळे. सांगण्यासाठी आधी पाहावे लागते, ही अडचण मग कधी सुटली नाही.

तिसरी विस्मृती संगणकांच्या जाळ्यांबरोबर आली, आणि तीच सर्वांत महाग पडली. एका टर्मिनलवरून दुसऱ्या, दूरच्या यंत्रात शिरता येऊ लागले. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलेनेन याने 'एसएसएच' ही सुरक्षित पद्धत दिल्यावर तर हे रोजचे झाले. आता समोरची खिडकी आपल्या टेबलावर, पण तिच्यात बोलणारे यंत्र दुसऱ्या खंडात, आणि दोन्हींचा प्रॉम्प्ट '$' हाच. म्हणून वापरकर्त्याचे नाव, '@' हे चिन्ह आणि यंत्राचे नाव अशी आज सर्वत्र दिसणारी रचना रूढ झाली. '@' येथे आले ते ईमेलच्या पत्त्यावरून. रे टॉमलिन्सनने १९७१ मध्ये माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये ते ठेवले होते. पत्राच्या डोक्यावर आपण गाव घालतो, तसे हे गाव. फरक इतकाच, की पत्रातील गाव वाचणाऱ्यासाठी असते आणि हे लिहिणाऱ्यासाठी.

३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री गिटलॅब या कंपनीत जे घडले ते या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगे आहे. दोन डेटाबेस-यंत्रे होती, एक मुख्य आणि एक तिची प्रतिकृती. नावांत फरक एका आकड्याचा. प्रतिकृती बिघडली होती, म्हणून तिच्यावरील डिरेक्टरी पुसून नव्याने आरंभ करायचा होता. उशिरापर्यंत काम करीत असलेल्या अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली ती मुख्य यंत्रावर. एकदोन सेकंदांत ध्यानात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. राखीव प्रती काढण्याच्या एकाहून अधिक व्यवस्था निकामी होत्या असेही त्याच वेळी आढळले, आणि अखेर सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सारे आपण होऊन जाहीर केले, दोष त्या एका माणसावर ढकलला नाही, हे तिच्या निवेदनाचे मोठेपण. आम्हांला रस आहे तो सुधारणांच्या यादीत. राखीव प्रतींची तपासणी वगैरे भारदस्त कलमांबरोबर तीत हेही आहे : सर्व यंत्रांवरील पीएस१ बदलावा, म्हणजे आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे अधिक स्पष्ट दिसेल. यंत्राचे नाव असून भागले नव्हते. नाव दिसणे आणि नाव वाचले जाणे यांत अंतर असते, हे मुद्रितशोधकांना कोणी सांगायला नको.

म्हणूनच जे लोक धोक्याच्या यंत्रांवर प्रॉम्प्ट लाल रंगात ठेवतात त्यांना आम्ही शोभेचे शौकीन म्हणणार नाही. हा रंग आणण्याची रीत मात्र विलक्षण आहे. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलने लोकप्रिय केलेल्या संकेतपद्धतीत पडद्याला द्यायच्या सूचना मजकुराच्याच ओघात, एका विशेष अक्षराने सुरुवात करून, पाठवल्या जातात. ब्रायन फॉक्सने १९८९ मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी प्रसिद्ध केलेल्या बॅशमध्ये प्रॉम्प्टची जणू एक लघुलिपीच आहे : उलट्या तिरक्या रेघेपुढे 'यू' लिहिल्यास वापरकर्त्याचे नाव, 'एच' लिहिल्यास यंत्राचे, 'डब्ल्यू' लिहिल्यास डिरेक्टरीचे. रंगाचे संकेत घालताना ते एका खास कंसात ठेवावे लागतात. हा कंस शेलला सांगतो की आतली अक्षरे दिसणारी नाहीत, त्यांची लांबी मोजू नये. तो विसरला तर शेलचा हिशेब चुकतो आणि लांब आज्ञा ओळीच्या टोकाला पोचल्यावर स्वतःवरच चढून लिहू लागते. उच्चार नसलेल्या अक्षरांनाही जागा लागते की नाही, हे यंत्राला कोणीतरी सांगावेच लागते.

यानंतरचा इतिहास आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तो मुख्यतः भर घालण्याचा आहे. गिट या साधनाबरोबर प्रॉम्प्टमध्ये संहितेच्या शाखेचे नाव आले. पॉल फाल्स्टड या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याने १९९० मध्ये लिहिलेल्या झी-शेलमध्ये ओळीच्या उजव्या टोकालाही प्रॉम्प्ट ठेवता येतो. २००९ मध्ये त्या शेलसाठी 'ओह माय झी-शेल' हा संग्रह आला आणि शेकड्याने तयार प्रॉम्प्ट मिळू लागले. त्यांतील कित्येक देखणे आहेत. पण पत्रलेखनाच्या मार्गदर्शकातून उचललेल्या मायन्याप्रमाणे त्यांत लिहिणाऱ्याची स्वतःची विस्मरणे दिसत नाहीत. अ‍ॅपलने २०१९ मध्ये आपल्या संगणकांवर झी-शेल प्रमाण केला आणि त्याबरोबर थॉम्प्सनचे '%' लक्षावधी पडद्यांवर परत आले.

थॉम्प्सनचे नाव आणखी एका कारणाने येथे घ्यावे लागते. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका खाणावळीत त्याने रॉब पाइकच्या साथीने जगातील सर्व लिप्या एकाच प्रवाहात वाहून नेणारी यूटीएफ-८ ही संकेतरचना आखली. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीत तीन बाइट घेते. दोन खुणांचा शेल लिहिणाऱ्याच्या या दुसऱ्या कामामुळेच आज पीएस१ मध्ये मराठी शब्द लिहिता येतो.

लिहिता येतो, दिसतो कसा हा प्रश्न वेगळा. टर्मिनलचा पडदा अजूनही टेलिटाइपचा वंशज आहे. तो समान रुंदीच्या घरांचा तक्ता असतो आणि एका अक्षराला एक घर हा त्याचा कायदा. आपली ऱ्हस्व वेलांटी मागून येऊन पुढे उभी राहते, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात, आणि काना किंवा दुसरी वेलांटी यांना घर द्यावे की न द्यावे यावर सगळ्या टर्मिनलांचे एकमत नाही. शेलने एक मोजावे, पडद्याने दुसरे काढावे, आणि कर्सर शब्दाच्या पोटात जाऊन बसावा, असे होते. ज्यांना मराठी प्रॉम्प्ट हवा त्यांनी म्हणून मात्रा, काना, जोडाक्षर काहीच नसलेला शब्द शोधावा. 'कर' चालतो. 'वद' चालतो, आणि त्याला जुन्या काव्याचा वासही आहे. 'करा', 'बोला', 'सांगा' येथे मात्र धोका संभवतो. कारण मराठीत आज्ञार्थाला आदर येतो तो शेवटच्या कान्याने, आणि तक्त्यात नेमकी त्या कान्याचीच जागा अनिश्चित आहे. तेव्हा यंत्र तूर्त आपल्याला एकेरीतच हाक मारील.